अर्ध्या सुताचा फरक

सटवाजी इंगोले चौथ्यांदा परीक्षेला आला तो दिवस मंगळवारचा होता. मी पत्र्याच्या शेडमध्ये टेबलामागे यादी घेऊन बसलो होतो. त्याला नाव विचारायची काहीच गरज नव्हती, तरी विचारलं. भाऊंचा तसा नियमच होता. माणूस कितीही ओळखीचा झाला तरी नाव, गाव, वय सगळं पहिल्यापासून विचारायचं. त्यामुळे काम सरकारी वाटतं.

"नाव?"

"सटवाजी किशन इंगोले. तालुका हदगाव, जिल्हा नांदेड."

"वय?"

तो जरा थबकला. "पस्तीस."

"मागच्या वेळीही पस्तीसच होतं."

"तवा बी पस्तीसच व्हतं साहेब. दिवाळीला छत्तीसावं लागतंय. म्हून तर आज काय व्हायचं ते होऊन जाऊ द्या."

जाहिरातीत वयोमर्यादा पस्तीस होती. ती मी घातली होती. कुवेतमध्ये छत्तिसाव्या वर्षी गवंड्याचं काय होतं याची मला काही कल्पना नव्हती. शेजारच्या रकान्यात एका बँकेची जाहिरात होती, तीत पस्तीस होतं, म्हणून मीही पस्तीस लिहिलं. कुठलीही मर्यादा घातली की जाहिरातीला वजन येतं, एवढं मला कळत होतं. त्या वजनाखाली सटवाजी आला.

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालची. मी मराठी घेऊन एम.ए. झालो होतो, चोपन्न टक्के होते, आणि दोन वर्षं घरी बसून वडिलांच्या नजरेत आणखी खाली उतरलो होतो. अशा वेळी हिंदुराव शेळके, म्हणजे भाऊ, यांनी मला आपल्या कंपनीत घेतलं. कंपनीचं नाव 'अल-भाग्योदय ओव्हरसीज'. भाग्योदय हे भाऊंच्या वडिलांच्या रसवंतीचं नाव. तिकडच्या सगळ्या कंपन्यांच्या नावात 'अल' असतं असं कुणीतरी सांगितल्यावर भाऊंनी ते पुढे लावलं. ऑफिस सोलापूरच्या बाहेर, हमरस्त्याला लागून भाऊंची तीन एकर जमीन होती, तिथं. शेडच्या दारावर विमानाचं चित्र होतं आणि आत भाऊंच्या मेहुण्याचा विमानतळाबाहेर काढलेला फोटो. मेहुणा तिथं कुणाला तरी सोडायला गेला होता. पण फोटोत ते दिसत नाही.

जाहिरात मी लिहायचो आणि नांदेड, लातूर, बिदरकडच्या छोट्या पेपरांत ती यायची. 'पाहिजेत. कुवेत येथील नामांकित बांधकाम कंपनीसाठी कुशल गवंडी, प्लास्टरवाले, फरशीवाले. राहणे, जेवण, औषधपाणी कंपनीकडून. दोन वर्षांनी विमानाने घरी येण्याची सोय. निवड फक्त प्रत्यक्ष काम पाहून. आम्ही एक पैसाही घेत नाही. आपल्या हातातली कला हीच आमची फी.'

शेवटच्या वाक्याचा मला फार अभिमान होता. एजंट लोक गवंड्यांना लुबाडतात हे गावोगाव माहीत झालेलं होतं. त्यामुळे पैसे न मागणारा एजंट म्हणजे देवमाणूस. कॉलेजात मी सगळे अलंकार पाठ केले होते, पण हे वाक्य त्यांतल्या कुठल्याच अलंकारात बसत नव्हतं. ते शब्दशः खरं होतं.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी परीक्षा असायची. तीस-चाळीस माणसं यायची. इस्माईल मिस्त्री नावाचे एक वयस्क गृहस्थ होते, ते प्रत्येकाला कामाचा तुकडा नेमून द्यायचे. याला कोपरा, त्याला चौकट, तिसऱ्याला दहा फूट प्लास्टर. दुपारी सगळ्यांना झुणका-भाकरी. पाच वाजता मिस्त्री काम सरळ आणि सपाट आहे का ते बघायला ओळंबा आणि पाणपातळी घेऊन फिरायचे, आणि त्यांच्या मागून मी वही घेऊन. मिस्त्री काम कसं झालं ते तोंडी सांगायचे. निकाल भाऊ सांगायचे. त्या निकालाला शोभेल असं कारण मी लिहायचं, एवढीच माझी नोकरी.

नापास हा शब्द भाऊंना चालत नसे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला शिकवलं, "खमितकर, नापास लिहिलं की माणूस जातो. 'सुधारणेस वाव' लिहिलं की परत येतो."

मी त्या दिवसापासून वाव लिहू लागलो. आठ महिन्यांत सहाशेच्या वर माणसांना मी वाव दिला. पास एकही झाला नाही. कुवेतची कंपनी फार काटेकोर आहे असं सांगितलं की लोकांना ते पटायचं, किंबहुना आवडायचं. सहज मिळणाऱ्या नोकरीवर कुणाचा विश्वास बसत नाही.

सटवाजी पहिल्यांदा आला तेव्हा मिस्त्रींनी त्याला एक कोपरा दिला होता. संध्याकाळी त्यांनी ओळंबा लावला, काढला, पुन्हा लावला, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले की असा हात मी मुंबईत बावीस वर्षांत दोनदा बघितला. मी ते तसंच भाऊंना सांगितलं. भाऊ खूश झाले. म्हणाले, मग तर याला वाव ठेवायलाच पाहिजे.

कारण मात्र काही सापडेना. मी आयटीआयचं एक जुनं पुस्तक जवळ ठेवलं होतं, ते चाळलं आणि लिहिलं, 'ओळंब्यात अर्ध्या सुताचा फरक. बांधकाम डावीकडे झुकते.' सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्याच्याही निम्मं. एवढा फरक कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मला तो सोयीचा वाटला. दुसऱ्या वेळी त्यानं आतल्या भिंतीचं प्लास्टर केलं, काचेसारखं. मी पुन्हा तेच लिहिलं. तिसऱ्या वेळी दर्शनी कमान. पुन्हा तेच. परीक्षकाच्या मतात सातत्य असावं, असं मला वाटायचं.

त्या मंगळवारी त्याला पोर्चचे दोन खांब मिळाले, प्लास्टरसकट. कामाला लागण्याआधी त्यानं पिशवीतून तीन चिठ्ठ्या काढून मला दाखवल्या. माझ्याच अक्षरातल्या. प्लास्टिकच्या कागदात नीट गुंडाळलेल्या. त्याला वाचता येत नव्हतं. गावच्या शाळेतल्या मास्तरांकडून त्यानं त्या वाचून घेतल्या होत्या, एकदा नव्हे, बऱ्याच वेळा. मग घरामागं त्यानं खांब बांधून बघितला. चिखलात बांधायचा, ओळंबा लावायचा, पाडायचा, परत बांधायचा. असं तीनदा. बायको म्हणाली की तुम्हाला कुणीतरी करणी केली. गावात मारुतीच्या सभामंडपाचं काम निघालं होतं, वर्षभर पुरलं असतं, ते त्यानं सोडलं. हात सुधारल्याशिवाय देवाच्या कामाला लावू नये असं त्याला वाटलं.

हे सगळं तो तक्रार म्हणून सांगत नव्हता. आपण अभ्यास केला आहे हे परीक्षकाला कळावं, एवढ्यासाठी सांगत होता.

मी म्हणालो, "बरं. लाग कामाला."

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी त्या दिवसापर्यंत मी स्वतःलाही नीट सांगितलेली नव्हती. परीक्षेची भिंत चिखलात रचतात आणि संध्याकाळी पाडतात. विटा दुसऱ्या दिवशीच्या परीक्षेला लागतात. आमच्याकडे सिमेंट वापरायचे. पाडलेली भिंत मी आठ महिन्यांत एकही पाहिली नव्हती. उलट रोज सकाळी एक माणूस पाइप घेऊन सगळ्या भिंतींवर पाणी मारत फिरायचा. परीक्षेत सुधारणेस वाव असलेल्या भिंतीला कुणी पाणी मारत नाही. पाणी मारतात ते ती उभी राहायची असते म्हणून. शेडमागे दोन मजले उभे राहिले होते. वधूपक्षाच्या खोल्या, वरपक्षाच्या खोल्या, भटारखाना, हजार पानं बसतील असा हॉल. त्या हॉलमध्ये मी नंतर तीन लग्नं जेवलो. प्लास्टर अजून काचेसारखं आहे.

मला हे कधी कळलं? दुसऱ्या महिन्यात. मग मी काय केलं? तिसऱ्या महिन्यात भाऊंनी पगार वाढवला.

पाच वाजता मिस्त्री पोर्चमध्ये गेले. सटवाजी हात धुऊन, डोक्याचा रुमाल सोडून, शाळेतल्या मुलासारखा उभा होता. मिस्त्रींनी डावीकडच्या खांबाला ओळंबा लावला. दोरी स्थिर होण्याची वाट पाहिली. मग खांबाच्या दुसऱ्या अंगाला लावला. मग चष्मा पुसला.

"खमितकर, जरा इकडं या," ते म्हणाले. "हा खांब बाहेर आहे."

मला वाटलं, ते माझं काम सोपं करताहेत. पण त्यांचा चेहरा तसा नव्हता. ते खाली बसले, वाकले, नखानं अंतर मोजलं. दुसऱ्या खांबाकडे गेले. तोही तेवढाच.

"उजवीकडं," ते म्हणाले. "अर्धं सूत. दोन्ही. वरपासून खालपर्यंत एकसारखा कल." मग सटवाजीकडे वळून, "तुला काय झालं रे? ताप आहे का अंगात?"

सटवाजी हसत होता. त्याला वाटलं, मिस्त्रींनी त्याची युक्ती ओळखली.

"मुद्दाम दिलंय, मिस्त्री. माझा हात अर्धं सूत डावीकडं जातोय न्हवं? तीन डाव साहेबांनी लिवलंय. दोरीला दिसत न्हाई, मला दिसत न्हाई, पर साहेबाच्या नजरेला दिसतंय. म्हून ह्या टायमाला दोरी बाजूला ठिवली आन् अर्धं सूत उजवीकडं दिलं. आता बसलं आसंल बराबर. व्हय ना साहेब?"

पलीकडे एक जण घमेलं खरवडत होता. मिस्त्रींनी ओळंब्याची दोरी बोटाला गुंडाळली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "चाळीस वर्षं झाली मला या धंद्यात. शंभर पोरं शिकवली. चांगला हात बिघडवायचा कसा, ते मात्र मला येत नाही. त्याला एम.ए. व्हावं लागतं."

असं म्हणून ते पुढच्या भिंतीकडे गेले.

मी सटवाजीला पाण्याच्या टाकीमागं नेलं. मला धाडसी म्हणून कुणी ओळखत नाही, आणि त्या वेळीही मी धाडस करत होतो असं नाही. मला फक्त ते हसणं सहन होत नव्हतं.

"सटवाजी, ऐक. तुझ्या हातात काही फरक नाही. कधीच नव्हता."

"मग?"

"मी ते मनानं लिहिलं. बनवून."

तो ऐकत राहिला. मी सांगितलं, की हे मंगल कार्यालय आहे. भाऊंचं. तुम्ही सगळे येऊन फुकट बांधून देताय. कुवेतची कंपनी नाही, विमान नाही, कुणीही पास होत नाही, होणार नाही. घरी जा. मारुतीचं काम मिळत असेल तर ते घे. आणि तुझ्या गावचं कुणी येत असेल तर त्याला येऊ देऊ नकोस.

एवढं खरं मी सलग कधी बोललो नव्हतो. बोलून झाल्यावर हलकं वाटेल अशी माझी अपेक्षा होती.

सटवाजीनं आजूबाजूला बघितलं. मग आवाज खाली आणून, थोडं समजुतीनं म्हणाला, "साहेब, आडून कशापायी बोलता? किती द्यायचं ते सांगा."

"काय?"

"पुण्याला बी आसंच व्हतं. मुकादम आदी म्हनायचा, काम न्हाई, घरी जा. मग हातावर काही ठिवलं की काम निघायचं. मला कळतंय साहेब. तुमी बी प्रपंचाचे मानूस. चार खेपा मलाच सुचायला पायजे व्हतं."

मी म्हणालो, मला काही नको. मी शपथ घेतली. कुणाची घेतली ते आता आठवत नाही, बहुधा आईची. त्यानं शर्ट वर केला आणि कमरेचा करदोडा सोडायला लागला. चांदीचा होता, जाड, लग्नातला असावा. तो त्यानं माझ्या हातात कोंबला. मी परत दिला. त्यानं पुन्हा दिला. मी परत त्याच्या खिशात घातला आणि म्हणालो, "मला खरंच काही नको."

तेव्हा त्याचा चेहरा पडला. नको म्हणजे मी जास्त मागत होतो.

मी खोटं लिहिलं होतं तेव्हा त्यानं त्यावर विश्वास ठेवून घरामागं तीन खांब पाडले. खरं बोललो तर त्यात त्याला भाव ऐकू आला. यात त्याचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. परीक्षा घेणारा माणूस टाकीमागं नेऊन हळू आवाजात बोलतो, त्याचा याहून वेगळा अर्थ त्याच्या आयुष्यात कधी निघालेला नव्हता.

तो गेला तो सरळ भाऊंकडे, आणि त्याच्या मागोमाग मी. माझी चहाडी करायला नव्हे. हे मी आजही शपथेवर सांगेन. तो रदबदली मागायला गेला. शेडच्या दारात उभा राहून हात जोडून त्यानं भाऊंना सांगितलं, की खमितकर साहेबांना जरा समजावून सांगा, करदोड्यावर भागवा म्हणावं, माझ्याकडं दुसरं काही न्हाई.

भाऊंनी पूर्ण ऐकून घेतलं. ते कधीच कुणाचं बोलणं मध्ये तोडत नसत. मग त्यांनी सटवाजीला विचारलं, की साहेबांनी तुला नेमकं काय सांगितलं? सटवाजीनं सगळं सांगितलं. मंगल कार्यालय, विमान नाही, कुवेत नाही, सगळं. सांगताना तो थोडा लाजला, माझी लबाडी उघडी पडते म्हणून.

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. बाजारात बैल बघतात तसं बघितलं, की हा आता किती वर्षं चालेल.

मग त्यांनी सगळ्या उमेदवारांना शेडसमोर बोलावलं. अडतीस जण होते. यादी माझ्याच हातात होती. भाऊ पायरीवर उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, की आपल्या संस्थेत एका पैशाचीही लाच चालत नाही हे जाहिरातीत छापलेलं आहे. आज आमच्याच माणसानं एका गरीब गवंड्याकडं त्याच्या अंगावरची चांदी मागितली. ती मिळावी म्हणून वाटेल त्या कंड्या पिकवल्या. हा सुशिक्षित माणूस आहे, याच्या आईवडलांना काय वाटेल. या क्षणापासून याला मी काढून टाकलं आहे.

लोकांमध्ये कुजबुज झाली. पुढच्या रांगेतला एक म्हातारासा फरशीवाला मान हलवत म्हणाला, "शिकलेलीच लई खातात."

पाठीमागून कुणीतरी विचारलं, की मग यानं लिहिलेले निकालही खोटेच असणार ना? प्रश्न बरोबर होता. मी भाऊंकडे बघितलं. भाऊ जराही अडखळले नाहीत. निकाल हा लिहितो, पण तपासतो मी, ते म्हणाले. ते सगळे बरोबर आहेत. माणूस खोटा असला तरी त्याची नजर बारीक आहे, ते मी नाकारत नाही.

लोकांना हे पटलं. एक-दोघांनी टाळ्याही वाजवल्या. पुढच्या शुक्रवारी परीक्षेला सत्तर जण आले असं मला नंतर मिस्त्रींनी सांगितलं. पैसे न खाणाऱ्या भाऊंची कीर्ती पार बिदरपर्यंत गेली होती.

मी त्या वेळी ओरडून काही सांगायला हवं होतं का? सांगितलं असतं तरी ती माझी पिकवलेली कंडीच झाली असती. मी वही टेबलावर ठेवली, सायकल काढली. चाकात हवा कमी होती. मी रस्त्याच्या कडेनं ती ढकलत निघालो.

मागून सटवाजी धावत आला. धाप लागली होती. माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मग म्हणाला, की साहेब, माझ्यापायी तुमची नोकरी गेली. मला तसं करायचं नव्हतं. तुमचे घरचे काय म्हणतील. तुम्ही माझ्यावर राग धरू नका. मी म्हणालो, नाही धरत. त्याला बरं वाटलं.

मग त्यानं सांगितलं, की भाऊंनी त्याला शुक्रवारी पुन्हा बोलावलं आहे, खास. वय बघणार नाही म्हणाले. दोन्ही खांब उद्या सरळ करून द्यायचे आणि शुक्रवारी जिना बांधायचा, हॉलमधून वर जाणारा, गोल वळणाचा. तो जमला की थेट कुवेत. दोन दिवस इथंच शेडमध्ये झोपायला सांगितलं आहे, जेवणही देणार आहेत.

"गोल जिना मी दोनदाच बांधला आजवर," तो म्हणाला. "आवघड काम हाय. साहेब, आता तुमी तर तिथं नसनार. पर तुमची नजर बारीक. भाऊ बी म्हनले. जिन्यात माझी काय चूक व्हईल, ते आदीच सांगून ठिवा."

रस्त्यावरून एक ट्रक गेला, मग दुसरा. मी सायकलचं हँडल धरून उभा राहिलो. तो वाट बघत होता. डोळे माझ्या तोंडाकडे, मी सांगीन ते पाठ करायच्या तयारीत.

"तुझी काही चूक होणार नाही, सटवाजी," मी म्हणालो. "कधीच झाली नव्हती."

तो मनापासून हसला. नोकरी गेलेल्या माणसाच्या समजुतीसाठी हसतात तसं.

"आसं कसं, साहेब?" तो म्हणाला. "मग काय तीन खेपा मला उगंच परत धाडलं व्हय?"

आणि दिवस मावळायच्या आत खांबांवरचं ओलं प्लास्टर काढायचं होतं, म्हणून तो घाईघाईनं आत गेला.